हरित्कूपीमीमांसा

कोणतेही शास्त्र मांडताना आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या अनुबंधचतुष्टयाचा निर्देश करावा, असा पूर्वसूरींचा दंडक आहे. प्रस्तुत शास्त्राचा विषय म्हणजे शीतकपाटाच्या दारात दुधाच्या पिशवीला टेकून उभी असलेली हिरव्या पाण्याची एक लिटरची बाटली. तिच्यातील जीव तिच्यातच जिवंत राहावेत, हे प्रयोजन. दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीशी तिचा पोषक-पोष्य संबंध आहे. उरला अधिकारी. ज्याने मत्स्यपेटी घरात आणते वेळी 'हिचं काही करावं लागत नाही' असे कुटुंबीयांना वचन दिले आणि पुढील तीन वर्षे त्या वचनाच्या परिमार्जनात घालवली, तोच या अध्ययनास पात्र समजावा. गोड्या पाण्यात गप्पी पाळणाऱ्यास हा अधिकार नाही. त्याने प्रथम मिठाचा हिशोब शिकून यावे.

विषय क्षुद्र आहे, असा पूर्वपक्ष संभवतो. त्याचे निरसन एका वाक्यात होते. पृथ्वीवर जेवढे प्रकाशसंश्लेषण घडते, त्याचा सुमारे अर्धा भार समुद्रातील वनस्पतिप्लवक, म्हणजे बाटलीतल्या या जीवांचेच भाऊबंद, वाहतात. त्यांनी सोडलेल्या प्राणवायूवर श्वास घेऊन त्यांनाच क्षुद्र म्हणणे हा वदतोव्याघात होय.

लक्षणविचार

'यंत्रशीतित कपाटात, खाद्यपदार्थांच्या सान्निध्यात, अखाद्य असूनही सजीव ठेवलेला, वारंवार हलवावा लागणारा हरित द्रव तो कूपीस्थ वनस्पतिप्लवक', असे लक्षण आम्ही करतो. आता पदकृत्य. 'सजीव' हे पद गाळल्यास पुदिन्याच्या सरबतावर अतिव्याप्ती होते. 'हरित' गाळल्यास विरजणावर आणि इडलीच्या पिठावर होते; ही दोन्ही सजीव असतात आणि त्याच कपाटात राहतात. 'अखाद्य' हे पद कोथिंबिरीच्या चटणीच्या व्यावृत्तीसाठी योजले आहे. त्या पदाच्या निर्दोषतेविषयी लेखकाचा पूर्वी जो आत्मविश्वास होता तो आता राहिलेला नाही. कारण नामपट्टविचारात येईल. अव्याप्तीचा दोषही मान्य केला पाहिजे. काही प्लवक हिरवे नसून सोनेरी-तपकिरी असतात आणि बाटलीत चहासारखे दिसतात. त्यांच्यासाठी 'हरित' या पदाचा लाक्षणिक अर्थ घ्यावा.

संज्ञेचा इतिहास थोडक्यात असा. कील येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ साली 'प्लँक्टन' हा शब्द रूढ केला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'भटकणारा' असा आहे. मराठीतील 'प्लवक' हा शब्द तरंगण्याच्या अर्थाचा. म्हणजे ग्रीक नावात भटकंती, मराठी नावात तरंगणे. आणि बाटलीत पाहावे तर दोन्ही नाही. दोन दिवस हात न लावलेल्या बाटलीत वर स्वच्छ पाणी आणि तळाशी गर्द हिरवा थर दिसतो. तेव्हा जो भटकत नाही आणि तरंगतही नाही, त्यास प्लवक म्हणावे काय? या शास्त्रातील सर्व मतभेद याच एका प्रश्नातून उद्भवले आहेत.

जातिविचार

प्रथम, नॅनोक्लोरोप्सिस. ही प्रजाती १९८१ साली हिबर्ड यांनी प्रस्थापित केली. पेशी दोन ते चार मायक्रॉनची. मनुष्याच्या केसाच्या जाडीत अशा वीसएक पेशी सहज ओळीने मावतील. तिला कशाभिका, म्हणजे पोहण्याचे चाबूक, नसतात. पेशीभित्ती जाड. वर्णाने हिरवी असूनही ती हरितशैवालांच्या कुळातील नव्हे आणि तिच्यात हरितद्रव्याचा 'अ' हा एकच प्रकार आढळतो. कुळाविषयी असा संभ्रम उत्पन्न करणारी ही जात शीतकपाटात मात्र सर्वांहून सोशिक ठरते. चार अंशांच्या आसपास ती कित्येक आठवडे जगते आणि तक्रार करीत नाही. जाणकारांच्या घरी बहुधा हीच आढळते.

द्वितीय, टेट्रासेल्मिस. हिला चार कशाभिका, म्हणून चतुष्कशा. ही खरोखरीची हरितशैवाल, आकाराने पहिलीपेक्षा बरीच थोर. पोहता येत असल्यामुळे ही बुडणार नाही, असे नवशिक्यांस वाटते. थंडीत आणि अंधारात तीही तळाशी बसते.

तृतीय, आयसोक्रायसिस. १९४९ साली मेरी पार्क यांनी वर्णिलेली, सोनेरी, द्विकशा, नाजूक. पोषणमूल्याने उच्च कुळातील आणि थंडीस असहिष्णु. हिला शीतकपाटात फार दिवस ठेवणे म्हणजे कोकणातल्या माणसास महाबळेश्वरी डिसेंबरात अंगणात झोपवणे.

चतुर्थ, करंडक वनस्पती. यांची भित्ती वाळूच्याच द्रव्याची, झाकण-डबी अशा जोडणीची. त्यामुळे संवर्धनाच्या पाण्यात सिलिकेट घालावे लागते. ज्या घरी मिठाचेच पुडे पलंगाखाली ठेवलेले असतात, तेथे सिलिकेटचा पुडा आणण्याचा प्रस्ताव लेखकाने अद्याप मांडलेला नाही. करंडकांचा विचार येथे थांबतो.

संख्येविषयी एक निरीक्षण. चांगल्या दाट संवर्धात, म्हणजे पाळून वाढवलेल्या जिवंत द्रवात, एका मिलिलिटरमध्ये नॅनोक्लोरोप्सिसच्या काही कोटी पेशी असतात. लिटरभराची बाटली घेतली, तर पृथ्वीवरील एकूण मनुष्यसंख्येच्या अनेकपट लोकसंख्या दुधाची पिशवी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी यांच्या मध्ये नांदत असते. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या वतीने प्रस्तुत लेखकास घरात दारातली दीड वीत जागा मागावी लागली.

स्थानविचार

शीतकपाटाची पाच क्षेत्रे शास्त्रकारांनी मानली आहेत.

हिमकक्ष सर्वथा वर्ज्य. समुद्राचे पाणी उणे दोन अंशांच्या सुमारास गोठते, आणि हिमकक्षात त्याहून पुष्कळ खालची थंडी असते. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. तेथे ठेवलेला प्लवक पुढे मत्स्यपेटीत घालता येतो. पण तो खाद्य होय, संवर्ध नव्हे. 'मृतप्लवकवादी' म्हणून एक पंथ आहे. त्याच्या मते पेटीतील जीवांस अन्न जिवंत आहे की मृत, याचे सोयरसुतक नसते. लेखक या पंथाशी वाद घालत नाही; पण न खाल्लेले मृत अन्न पेटीतच सडते, आणि न खाल्लेला जिवंत प्लवक निदान काही काळ स्वतःची जबाबदारी स्वतः घेतो, एवढे त्या पंथाने लक्षात घ्यावे.

मागची भिंत संशयास्पद. तेथे काकडीसुद्धा गोठलेली पाहिली आहे. भाजीचा खण अंधारा आणि स्थिर. पण त्यात बाटली आडवी ठेवावी लागते, आणि आडव्या बाटलीच्या झाकणाविषयी पुढे विवेचन आहे.

मधला कप्पा हे आदर्श स्थान. त्याचे तापमान सर्वाधिक सम. मात्र त्या कप्प्यावर पातेल्यांचा वंशपरंपरागत हक्क आहे, आणि हा हक्क कोणत्याही शास्त्रीय युक्तिवादाने बाधित होत नाही, असे तीन वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. म्हणून दार. दार हे शीतकपाटातील सर्वांत उबदार आणि सर्वांत चंचल क्षेत्र होय. दर उघडझापीस तेथील तापमान हलते. परंतु 'द्वारवादी' नामक संप्रदायाने याच दोषास गुण मानले आहे. त्यांचे म्हणणे असे की, चार माणसांच्या घरात दार दिवसातून किमान तीसदा उघडते, प्रत्येक वेळी बाटली हिंदकळते, आणि आतील दिवाही लागतो. म्हणजे क्षोभ आणि प्रकाश ही दोन्ही विनासायास साधतात. या मताचे खंडन सोपे आहे. तेवढ्या प्रकाशात प्रकाशसंश्लेषणाचा जमाखर्च जुळत नाही. शीतकपाटातील पेशी साठवलेल्या शिध्यावर जगते, आणि थंडीमुळे तिचा श्वसनाचा खर्च कमी होतो म्हणूनच तो शिधा पुरतो. दिवा तिच्यासाठी नसून लोणी शोधणाऱ्यासाठी आहे.

स्थानविचारास कालविचाराची जोड अपरिहार्य आहे. डोंबिवलीच्या आमच्या घरी दीप अमावास्येच्या आदल्या दिवशी शीतकपाटात सुरमई, कोलंबी आणि पाहुण्यांच्या आणखी वस्तू येतात, तेव्हा बाटलीचे निष्कासन होते आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीत दोन दिवस काढते. श्रावण लागताच मासळीचे डबे जातात, आणि बाटलीस वर्षातून एक महिना मधला कप्पा लाभतो. या महिन्यात संवर्धाचा रंग सर्वोत्तम असतो. यामागे धर्मकारण नसून तापमानाचे कारण आहे, हे स्पष्ट करणे लेखकाचे कर्तव्य आहे.

क्षोभविचार

आता मूळ प्रश्नाकडे. तळाशी बसलेल्या पेशी एकमेकींच्या भाराखाली दबतात, खालच्या थरातला प्राणवायू संपतो, जिवाणू माजतात, आणि कूज सुरू होते. म्हणून बाटली रोज, निदान एका दिवसाआड, हलवावी. येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. यापुढे भटकंतीचा मुद्दा येतो. हेन्सनच्या व्याख्येनुसार जो भटकत नाही तो प्लवकच नव्हे. म्हणून हलवणे ही केवळ निगा नसून त्या द्रवास त्याचे प्लवकत्व परत देणे आहे. रात्री साडेदहाला दात घासून झाल्यावर लेखक जेव्हा बाटली हाती घेतो, तेव्हा तो हजारो कोटी जीवांची सत्ताशास्त्रीय पुनःस्थापना करीत असतो. पत्नी या क्रियेस 'खुळखुळा' म्हणते. ही संज्ञा सुटसुटीत असली तरी तिच्यात तात्त्विक गाभा नाही.

हलवण्याच्या रीतीवरून तीन शाखा निर्माण झाल्या. क्षोभवादी बाटली औषधाच्या बाटलीप्रमाणे जोराने झटकतात. जाड भित्तीच्या नॅनोक्लोरोप्सिसला याचे काही वाटत नाही; पण कशाभिका असलेल्या नाजूक जातींस ही रीत मानवत नाही. दोलनवादी बाटली पाळण्यासारखी डावीउजवीकडे झुलवतात. ही रीत सौम्य असली तरी तळच्या कोपऱ्यातील थर तसाच राहतो. विपर्यासवादी बाटली सावकाश उलटी करून पुन्हा सुलटी करतात, आणि थर पूर्ण मोडेपर्यंत तसेच करीत राहतात. लेखक विपर्यासवादी आहे.

झाकणाविषयी दोन मते. संवर्ध जिवंत असल्यामुळे वायूंची देवघेव व्हावी, म्हणून झाकण सैल ठेवावे, हे शिथिलपिधानमत. पिधान म्हणजे झाकण. झाकण घट्ट लावून रोज एकदा उघडावे, हे दृढपिधानमत. शिथिलपिधानमत आणि विपर्यासमत ही दोन्ही स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. त्यांचा एकाच व्यक्तीच्या ठायी समन्वय झाल्याचे एक उदाहरण मागील मार्गशीर्षात नोंदले गेले. त्यात भाजीचा खण, तीन गाजरे आणि लेखकाचा सदरा धुवावा लागला. तेव्हापासून लेखक दृढपिधानी आहे.

परीक्षाविचार

संवर्ध जिवंत आहे की नाही, हे कसे ओळखावे? नव्या अभ्यासकाचे अनुमान बहुधा असे चालते. प्रतिज्ञा: ही बाटली सजीव आहे. हेतू: हिरवी असल्यामुळे. उदाहरण: जे जे हिरवे ते ते सजीव, जसे कुंडीतील तुळस. हा हेतू सव्यभिचार होय. कारण हिरवेपणा कालच्या पालकाच्या भाजीतही आढळतो, आणि ती सजीव असल्याचे कोणीही म्हणणार नाही. मेलेला संवर्धही आरंभी काही काळ हिरवा राहतो. म्हणून वर्णाचे तारतम्य पाहावे. मुगाच्या सालीचा वर्ण विरळ पण निरोगी, कोथिंबिरीचा उत्तम, अळूच्या पानाचा अतिदाट, त्यास लवकर वाटून टाकावे. पिवळट ताकाचा वर्ण आणि तळाशी हलवूनही न मोडणाऱ्या गुठळ्या हे मरणचिन्ह.

दाटपणा मोजण्यासाठी अँजेलो सेक्की या जेझुइट खगोलज्ञाने १८६५ साली पोपच्या जहाजावरून समुद्रात सोडलेल्या पांढऱ्या तबकडीचे तत्त्व उपयोगी पडते. तबकडी ज्या खोलीवर दिसेनाशी होते, ती पाण्याच्या पारदर्शकतेची खूण. लेखक यासाठी पांढऱ्या प्लॅस्टिकचा, दांड्यावर खुणा केलेला चमचा वापरतो. हा चमचा पूर्वी ज्या डब्यातला होता, त्या डब्यातील साबुदाणा आता वाटीने काढला जातो.

गंधपरीक्षा शास्त्रात श्रेष्ठ मानली आहे. निरोगी संवर्धास ओल्या गवताचा आणि समुद्राचा वास येतो. मेलेल्यास सडक्या अंड्याचा. तथापि, ज्या घरात सुके बोंबील आणि जवळा यांचा साठा असतो, तेथे समुद्राचा वास नेमका कोठून येतो, याचा निश्चय होत नाही. तेथे गंधप्रमाण त्याज्य.

विरजणपूर्वपक्ष

या शास्त्राचे आपण प्रवर्तक आहोत, अशी लेखकाची दीर्घकाळ समजूत होती. ती एका सकाळी आईमुळे ढासळली. प्रसंग संवर्धपुनर्नवीकरणाचा होता. गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ साली सिद्ध केलेल्या 'एफ' माध्यमाची अर्धी मात्रा 'एफ/२' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू आणि तीन जीवनसत्त्वे असतात. जुन्या संवर्धाचा चौथा हिस्सा राखावा, बाकीचा पेटीसाठी काढून घ्यावा, राखलेल्या हिश्शात नवे खारे पाणी आणि माध्यम घालून तो खिडकीत उजेडाला, हवेच्या बुडबुड्यांवर, आठवडाभर ठेवावा, असा विधी आहे. लेखकाने तो आईस समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, 'म्हणजे विरजण?'

प्रश्न निरुत्तर करणारा होता. रोज थोडे राखायचे, बाकी वापरायचे, राखलेल्यात नवे घालायचे, उबदार जागी ठेवायचे, मग थंडीत ठेवून वाढ रोखायची. यात प्लवकाच्या जागी जिवाणू आणि एफ/२ च्या जागी दूध एवढाच भेद. आईचे सध्याचे विरजण तिच्या लग्नात वेंगुर्ल्याहून आलेल्या विरजणाचे वंशज आहे. मध्ये दोनदा तुटले, तेव्हा शेजारी दिलेल्यातूनच परत आणले. जगातील नामांकित शैवालसंग्रहांतही शुद्ध वाण राखण्यासाठी असेच वारंवार नव्या माध्यमात बदलावे लागते, आणि वाण मेल्यास दुसऱ्या संग्रहाकडून मागवावे लागते. त्या दृष्टीने आमच्या मजल्यावरील चार घरे हा एक विकेंद्रित संग्रहच होय. आईने यावर एकच वार्तिक जोडले: 'तुझं ते मेलं तर शेजारी मिळणार नाही. दोन बाटल्या ठेव.' दुय्यम संवर्ध वेगळा राखण्याचा हा नियम प्रत्येक प्रयोगशाळेत पाळला जातो. लेखकाने तो तीन वर्षांत एकदाही पाळला नव्हता.

नामपट्टविचार

बाटलीवर काय लिहावे, हा प्रश्न वरवर लिपिकाचा वाटतो. पहिल्या पट्टीवर लेखकाने 'नॅनोक्लोरोप्सिस' असे लिहिले; घरात ते खोकल्याचे औषध समजले गेले. दुसऱ्या पट्टीवर 'विष' असे लिहिले. हे असत्य असल्याने दोन दिवसांत मागे घेतले. तिसरी पट्टी 'पिऊ नये' अशी होती. निषेधशास्त्रानुसार तिने पिण्याचा निषेध झाला, लावण्याचा, माखण्याचा अथवा शिजवण्याचा झाला नाही. ही त्रुटी ध्यानी घेऊन चौथ्या पट्टीवर बाटलीचे स्वामित्व स्पष्ट करणारे 'माशांचे' हे पद योजले. शास्त्रदृष्ट्या तेही सदोष होते. पेटीतील मासे प्लवक खात नाहीत. प्लवक खातात ते कोपेपॉड, शिंपले, स्पंज आणि पिसारा फुलवणारे नळीतले कृमी. (दगडी प्रवाळांचा प्रश्न येथे उद्भवत नाही, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि आमच्या पेटीत नाहीत.)

गेल्या माघात वेंगुर्ल्याहून मावशी आल्या. रविवारी त्यांनी पापलेटे साफ केली आणि वाटणासाठी शीतकपाट उघडले. मालवणी गृहस्थितीत हिरव्या द्रवावर 'माशांचे' असे लिहिलेले असल्यास त्याचा एकच अन्वयार्थ संभवतो. वाटण फार पातळ झाले आहे, असा अभिप्राय त्यांनी व्यक्त केला, त्यात मूठभर कोथिंबीर, आले आणि चार हिरव्या मिरच्या वाटून घातल्या, आणि ते पापलेटांस लावून अर्धा तास मुरवले. लेखक त्या वेळी मीठ आणण्यास गेला होता, पेटीसाठी.

परिणाम नोंदवणे आवश्यक आहे. सर्वांची प्रकृती उत्तम राहिली. रंग नेहमीहून गडद होता. चवीत फरक आढळला नाही. मात्र मीठ घालण्याची गरज पडली नाही, कारण संवर्धाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार होते. पापलेट समुद्रात ज्या सूक्ष्म प्राण्यांवर जगते ते वनस्पतिप्लवकावर जगतात. येथे अन्नसाखळीची मधली कडी वगळून तिची दोन टोके थेट तव्यावर भेटली. अन्नसाखळीचा असा संक्षेप लेखकाच्या वाचनात अन्यत्र आलेला नाही. लक्षणातील 'अखाद्य' या पदावर तेव्हापासून प्रश्नचिन्ह आहे.

आईचे विरजण त्या दिवशीही नीट लागले. लेखकाची दुसरी बाटली नव्हती.

नवा संवर्ध आता आला आहे, आणि तो दोन बाटल्यांत आहे. पाचव्या पट्टीवर लेखकाने मोठ्या अक्षरांत 'जिवंत प्लवक. वाटण नव्हे.' असे सूत्र लिहिले. त्याखाली मावशींनी परत जाण्यापूर्वी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'वापरल्यास मीठ घालू नये.'